प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज : एक चरित्र आणि एक शब्द

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. चरित्र कोणाचे लिहावे हा विचार चालू असतानाच मंडळाच्या बैठकीत एक निराळाच विषय निघाला. आपल्यापैकी कितीतरी भगिनी अंगणवाडीत, शाळेत, वसतिगृहात काम करतात. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, अथवा ज्याला चालताना आधार लागतो, त्याच्याविषयी कागदावर काय लिहावे आणि तोंडाने काय म्हणावे, यावर त्या दिवशी बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाल्या, सरकारी शब्द लिहावा. कोणी म्हणाल्या, शब्दाने काय होते, मनात माया असली म्हणजे झाले. घड्याळाकडे पाहून चर्चा थांबली, पण प्रश्न काही मिटला नाही.

मग मला वाटले, वाद घालण्यापेक्षा एक चरित्रच सांगावे. ज्या पुरुषाच्या नावामागे मराठी माणसाने एक अत्यंत आदराचा शब्द लावला, आणि तो असा लावला की आज शंभर वर्षांनंतरही नावापासून वेगळा होत नाही, त्या प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराजांचे हे चरित्र आहे. ते आपल्याला दूरचे नाहीत. आपल्या हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की वऱ्हाड सुरू होते, आणि आपल्या मंडळातही वऱ्हाडचे माहेर असलेल्या भगिनी आहेतच. त्यांच्या माहेरी हे नाव घरोघर माहीत आहे.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावतीजवळच्या लोणी टाकळी या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. मूळ गाव माधान. तेही अमरावती जिल्ह्यातच, चांदूर बाजार तालुक्यात आहे. घराणे मोहोडांचे, जातीने कुणबी, धंदा शेतीचा. वडिलांचे नाव गोंदुजी आणि आईचे अलोकाबाई. मूल जन्मले तेव्हा चांगले धडधाकट होते. पण ते जेमतेम आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचे दुखणे आले आणि त्या दुखण्यात दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. आईचा चेहरा ओळखू लागण्याच्या वयातच तो चेहरा दिसेनासा झाला.

पुढे चौथ्या वर्षी आईही गेली. मग आजीने त्याला लोणीला नेले आणि सुमारे सहा वर्षे तो आजोळीच वाढला. चरित्रे लिहिणारे पुढच्या अलौकिक गोष्टींकडे लवकर वळतात. पण आपण बायकांनी या सहा वर्षांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. आई नाही, डोळे नाहीत, असे चार वर्षांचे पोर एका म्हातारीने सांभाळले. त्याला न्हाऊ घातले, जेवू घातले, उंबरठा कोठे आणि विहीर कोठे हे शिकविले. त्या आजीचे चरित्र कोणी लिहिले नाही, परंतु तिच्यावाचून हे चरित्र झालेच नसते.

त्या काळी दृष्टी नसलेल्या मुलासाठी शिक्षणाची सोय काय होती, हेही पाहिले पाहिजे. बोटांनी वाचावयाची ठिपक्यांची लिपी फ्रान्समध्ये लुई ब्रेल या अंध शिक्षकाने तयार केली होती आणि १८२९ साली ती प्रसिद्धही झाली होती. पण ती आपल्या देशात शाळांतून पोहोचली नव्हती. हिंदुस्थानातील अशा मुलांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत तशी शाळा निघायला १९०० साल उजाडले. लोणी टाकळीच्या पोराला यांपैकी कशाचा उपयोग होणार? त्याच्यासाठी ना शाळा, ना पाटी, ना मास्तर. कोणत्याही हजेरीपटावर त्याचे नाव चढले नाही.

तरीही तो शिकला, आणि एकाच मार्गाने शिकला: ऐकून. गावात पोथी चाले, भजन होई, कीर्तनकार येत. हा मुलगा ऐकत बसे. ऐकलेले त्याच्या ध्यानात राही. लहानपणापासून तो ध्यानात तासन्‌तास बसे, असे त्यांचे भक्त सांगतात. थोडा मोठा झाल्यावर त्याने जवळच्या माणसांकडून ग्रंथ वाचून घ्यावयास सुरुवात केली. घरातले, शेजारचे, पुढे शिष्य, जो अक्षर ओळखतो तो वाचणारा, आणि महाराज ऐकणारे. वेद, उपनिषदे, शांकरभाष्य, ज्ञानेश्वरी, पुराणे, वैद्यक, संगीतशास्त्र, आणि त्या काळी इंग्रजीतून येणारे डार्विन व स्पेन्सर यांचे विचार, हे सारे दुसऱ्याच्या डोळ्यांवाटे त्यांच्या कानांत गेले. प्रवासातही ग्रंथांचे ओझे त्यांच्याबरोबर असे, असे सांगतात. स्वतः एक ओळही वाचू न शकणारा माणूस पुस्तकांवाचून पाऊल टाकीत नसे!

वयाच्या पंधराव्या वर्षी, १८९६ साली, त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मनकर्णिका. खारतळेगावच्या भुयार घराण्यातील ही शेतकऱ्याची मुलगी. प्रपंच आणि परमार्थ अशी फारकत महाराजांनी केली नाही. संसारात राहूनच त्यांचे चिंतन आणि लेखन चालू राहिले. अशा घरात येणाऱ्याजाणाऱ्यांचे, शिष्यांचे, वाचणाऱ्यांचे आणि लिहून घेणाऱ्यांचे करणे कोणाकडे आले असेल, हे तुम्हां-आम्हांला कोणी सांगावयास नको.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना १९०१ सालची. त्या वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, आपल्याला प्रत्यक्ष ज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाला, त्यांनी आपल्याला मांडीवर घेऊन मंत्र दिला, असा महाराजांचा अनुभव होता. ज्ञानेश्वरांनी समाधी घेऊन त्या वेळी सहाशे वर्षे उलटली होती. पण त्या दिवसापासून महाराज स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवू लागले. पुत्र नव्हे, शिष्य नव्हे, कन्या! आणि कृष्ण हा आपला पती, असा भाव त्यांनी धरला. भक्तीचा गोडवा आणि अद्वैताचे तत्त्वज्ञान यांचा त्यांनी जो मेळ घातला, त्याला मधुराद्वैत असे नाव आहे.

येथे आपल्या हिंगोलीकरांना एक गोष्ट सहज आठवेल. ज्या ज्ञानेश्वरांची ते कन्या झाले, त्यांचे जिवलग सोबती नामदेव महाराज. आपले नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढा नागनाथाला त्यांना विसोबा खेचरांसारखा गुरू भेटला, अशी परंपरेची कथा आहे. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे यांना तरी लोकांनी लहानपणी कोणत्या नावाने हिणविले? संन्याशाची पोरे! चौघांची नावे सोन्यासारखी होती, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. पण गावाने ती बाजूला ठेवून जन्माचा डागच नाव म्हणून वापरला. माणसाला नाव असताना त्याच्यातील उणीव हेच त्याचे नाव करणे, ही खोड आपल्या समाजाला फार जुनी आहे. म्हणूनच दृष्टी नसलेल्या एका कुणब्याच्या मुलाने ज्ञानदेवांच्या घराशी नाते जोडावे, यात मला मोठा अर्थ वाटतो.

महाराज आपल्या भावाप्रमाणे वागतही. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, असा सौभाग्यवतीचा वेष ते धारण करीत. लोक हसले नसतील असे कसे म्हणावे? पण आपल्याला काय म्हणावे हे त्यांनी स्वतः ठरविले होते, आणि त्यावरून ते हलले नाहीत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. दुसऱ्याने दिलेला शब्द कितीही गोड असो, माणसाने स्वतःसाठी निवडलेल्या शब्दाचा मान पहिला.

त्यांचे लेखन पाहिले म्हणजे मन थक्क होते. शंभराहून अधिक ग्रंथ व प्रकरणे त्यांच्या नावावर आहेत. ते सांगत आणि दुसरे लिहून घेत. मराठी, संस्कृत, हिंदी आणि घरची वऱ्हाडी अशा भाषांत त्यांनी रचना केली. संप्रदायसुरतरू, साधुबोध, मानसायुर्वेद ही त्यांतील काही नावे. पाश्चात्त्यांची मते ऐकून त्यांनी ती तशीच स्वीकारली नाहीत आणि न ऐकता झिडकारलीही नाहीत. आधी समजून घेतली आणि मग त्यांचे खंडन केले. स्त्रियांना म्हणता येतील अशी गीतेही त्यांनी रचली. इतकेच नव्हे, तर त्यांनी नावंग नावाची एक नवी भाषा आणि एक सांकेतिक लिपीही तयार केली. ज्याला अक्षर कसे दिसते हे ठाऊक नव्हते, त्याने लिपी घडवावी, याहून नवलाची गोष्ट कोणती?

आणि हे सारे किती वर्षांत? २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते अवघे चौतीस वर्षांचे होते. त्यांच्यामागे त्यांचे पट्टशिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली. त्यांचे ग्रंथ आजही वाचले जातात, अभ्यासिले जातात.

चरित्र येथे संपते. पण मला ज्यासाठी ते सांगावयाचे होते तो शब्द अजून उरला आहे. प्रज्ञाचक्षू, म्हणजे बुद्धी हेच ज्याचे डोळे आहेत असा. महाराजांच्या नावाआधी हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या मनात कीव येत नाही, हसू येत नाही, आदर येतो. डोळे नाहीत हे त्यात लपविलेले नाही, पण जे आहे ते आधी सांगितले आहे. आदराचा शब्द कसा असावा, याचा हा उत्तम नमुना आहे.

तथापि या शब्दाला दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. हा शब्द महाराजांसाठी नव्याने घडविलेला नाही. तो महाभारतात आहे, आणि तेथे तो धृतराष्ट्रासाठी येतो! ज्याने पुत्रमोहाने सर्व कुळाचा नाश डोळ्यांआड केला, तोही प्रज्ञाचक्षूच. यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही, की थोर शब्द लावल्याने कोणी थोर होत नाही आणि साधा शब्द लावल्याने कोणी लहान होत नाही. दुसरी ही, की सन्मान हा गुणांचे बक्षीस नव्हे. धृतराष्ट्राचे वर्तन कसेही असो, त्याच्या डोळ्यांवरून त्याला हिणवावयाचे नाही, एवढी मर्यादा त्या जुन्या भाषेने पाळली.

ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण महाराजांचे चरित्र सांगताना आपण नकळत एक चूक करण्याचा संभव असतो. आपल्या वर्गातील दृष्टी नसलेल्या मुलीपुढे आपण त्यांचे उदाहरण ठेवतो आणि तिने अलौकिकच व्हावे अशी अपेक्षा धरतो. ती बिचारी सात वर्षांची. तिला पाढे नीट येत नाहीत, तिला खेळावयाचे आहे, कधी ती खोटेही बोलते. म्हणजे ती अगदी इतर मुलींसारखी आहे! शंभर ग्रंथ रचल्यावाचून तिला मान मिळणार नसेल, तर तो मान नव्हे, ती परीक्षा झाली. महाराजांना मान मिळाला तो त्यांच्या प्रज्ञेसाठी. या मुलीला तो ती माणूस आहे एवढ्यासाठीच मिळावयास हवा.

आता आपल्या बैठकीतील प्रश्नाकडे वळू. सरकारदरबारी हे शब्द कसे बदलत आले, ते थोडक्यात सांगते. आमच्या लहानपणी अपंग हा शब्द सर्रास होता. १९८१ हे वर्ष जगभर अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. योगायोग असा की तेच महाराजांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. १९९५ साली अपंग व्यक्तींच्या समान संधीचा कायदा झाला, त्यात सात प्रकार होते. हिंदीतून आलेला विकलांग हा शब्दही चाले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात दिव्यांग हा शब्द सुचविला. २०१६ साली नवा हक्क-कायदा आला, त्यात प्रकार एकवीस झाले, आणि आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. शाळेत विशेष गरजा असणारी बालके असाही शब्द रूढ आहे.

दिव्यांग हा शब्द पुष्कळांना आवडला. त्याने तुच्छता गेली, हे खरेच आहे. पण ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्यातीलच काही संघटनांनी त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की आमच्या अंगात दिव्य असे काही नाही. आम्हांला देवत्व नको, दाराशी उतार हवा, बसमध्ये चढता यावे, पुस्तक वाचता यावे. मला हे म्हणणे विचार करण्याजोगे वाटते. सरकारी कागदावर सरकारी शब्द लिहावा लागतो, तो लिहावा. त्यावाचून दाखला मिळत नाही आणि सवलतही मिळत नाही. परंतु कागद बाजूला ठेवल्यावर समोरच्या मुलाशी बोलताना कोणताच विशेष शब्द लागत नाही. त्याला नाव असते.

काही शब्द मात्र आदराच्या दृष्टीनेच नव्हे, तर खरेपणाच्या दृष्टीनेही टाकावयास हवेत. मूकबधिर हा त्यांतला एक. ज्या मुलाला जन्मतः ऐकू येत नाही, ते बोलत नाही ते बहुधा त्याचा कंठ बिघडला म्हणून नव्हे. बोलणे कानाने शिकावयाचे असते, आणि त्याने बोलणे कधी ऐकलेलेच नसते. लवकर ओळखले, श्रवणयंत्र मिळाले, शिकविणारी भेटली, तर त्यांतील कितीतरी मुले बोलतात. काही हातांच्या खुणांच्या भाषेत उत्तम बोलतात. अशा मुलाला एकदा मुके म्हटले, की त्याला बोलावयास शिकविण्याचे आपले कर्तव्यच संपते. चुकीचा शब्द शिक्षणाचे दार बंद करतो, तो असा. म्हणून आता कर्णबधिर म्हणतात, ते योग्य आहे. तसेच मतिमंद हा शब्द मागे पडून बौद्धिक अक्षमता असा शब्द कायद्यात आला. पीडित, ग्रस्त, बिचारा हे शब्दही नकोत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासंबंधीच्या एका निकालात हेच बजावले, की दुःखाचा बळी असे चित्र उभे करणारी भाषा टाळावी; कारण अशा भाषेत सारा दोष त्या शरीराकडे जातो आणि समाजाने उभे केलेले अडसर दिसेनासे होतात.

यावर कोणी म्हणेल, मग आपल्या म्हणी आणि खेळ यांचे काय करावयाचे? आंधळी कोशिंबीर बंद करावयाची? लंगडी खेळावयाची नाही? मला तसे वाटत नाही. खेळाचे नाव कोणा एकीकडे बोट दाखवीत नाही, तोवर त्याने कोणी दुखावत नाही. एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगे आहेत. पण संतांनी ते शब्द स्वतःकडे घेतले. मीच तो आंधळा, मीच तो पांगळा, माझ्यातच हे वैगुण्य, अशी त्यांची भूमिका होती. आपण मात्र तेच शब्द घेऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण स्वयंपाकघरात आपण सहज वापरतो. दृष्टी नसलेल्या माणसाने दळलेले पीठ महाराष्ट्र आज शंभर वर्षे खातो आहे, हे महाराजांचे चरित्र वाचल्यावर ती म्हण जिभेवर जरा अडखळावी, इतकेच माझे म्हणणे.

मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळांतून शिकविले. तेव्हा आपला तालुका परभणी जिल्ह्यातच होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एका गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एकीचा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. दोघींत घोटाळा होऊ नये म्हणून मुले, शिपाई आणि मोठी माणसेसुद्धा हिच्या नावामागे पायाचा शब्द लावीत. द्वेष कोणाच्याच मनात नव्हता. ती त्यांची सोय होती. मी त्या वर्गावर नवी गेले आणि प्रत्येकीला नाव विचारले, तेव्हा तिने आपले नाव त्या शब्दासकट सांगितले. आठ वर्षांच्या मुलीला ते आपले नावच वाटत होते! मी हजेरीपट मिटला आणि सर्वांना पुन्हा नावे सांगावयास लावली: स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आजोळच्या गावाचे. त्या दिवसापासून त्या दोघी आजोळच्या गावावरून ओळखल्या जाऊ लागल्या. महिन्याभरात जुना शब्द वर्गातून गेला.

पण त्याच वर्गाला दोन उंच पायऱ्या होत्या. रोज सकाळी तिला कोणीतरी हात धरून चढवावे लागे, आणि पावसाळ्यात ती शाळा चुकवी. नावाचा प्रश्न एका महिन्यात सुटला. पायऱ्यांच्या जागी मुरमाचा उतार व्हावयास दोन वर्षे लागली. उतार झाला त्या दिवशी ती दप्तर घेऊन एकटी आत आली आणि जागेवर जाऊन बसली. कोणी काही बोलले नाही. शब्द आणि उतार, दोन्ही हवे असतात, हे मला त्या मुलीने शिकविले. ती पुढे सातवी उत्तीर्ण झाली.

तेव्हा भगिनींनो, मला जे सुचते ते सांगते. मुलाचे नाव पहिले घ्यावे. शरीराची गोष्ट जेथे जरूर असेल तेथेच काढावी. काढावी लागली तर उणीव लिहून थांबू नये, काय हवे ते लिहावे. डोळ्यांनी अधू, एवढे लिहिल्याने शिक्षिकेला काहीच कळत नाही. पहिल्या बाकावर बसवावे, मोठ्या अक्षरांचे पुस्तक द्यावे, फळ्यावरचे मोठ्याने वाचावे, असे लिहिले तर ती उद्यापासून कामाला लागते. मूल समोर असताना त्याच्याविषयी आईशी बोलू नये, त्याच्याशीच बोलावे. आणि कोणता शब्द वापरावा असा संशय आला, तर त्यालाच विचारावे. मोठ्या मुलामुलींना आपल्याला काय म्हटलेले आवडते, हे चांगले ठाऊक असते. कोणी स्वतःला सरळ अंध म्हणवून घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तेथे आपण गोड शब्दाचा आग्रह धरू नये. ज्ञानेश्वरकन्येचे चरित्र आपल्याला हेच सांगते.

शब्दाने काय होते, असे आपल्या बैठकीत विचारले गेले. माझे उत्तर असे, की शब्दाने आरंभ होतो. महाराजांना प्रज्ञाचक्षू म्हणणाऱ्यांनी त्यांना मान दिला, हे खरे. पण तो शब्द त्यांच्या नावाला लागण्याच्या पुष्कळ आधी कोणीतरी त्यांच्याजवळ बसून पोथी उघडली होती आणि मोठ्याने वाचली होती. त्या वाचणाऱ्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत. त्यांनी कंटाळा केला असता, तर ती प्रज्ञा तशीच राहिली असती आणि मागे उरला असता तो गावाने दिलेला एखादा साधा, कठोर शब्द.

आज ठिपक्यांची पुस्तके आहेत, बोलणारी यंत्रे आहेत, भ्रमणध्वनीही पान वाचून दाखवितो. तरी आपल्या गल्लीत असे एखादे मूल असतेच, की ज्याच्यापर्यंत यांतले काहीच पोहोचलेले नसते. दुपारचे काम आटोपल्यावर आपल्याला अर्धा तास मोकळा असतो. ज्या भगिनींना शक्य असेल त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तो अर्धा तास अशा मुलाला धडा वाचून दाखविण्यासाठी द्यावा, अशी माझी मंडळाला सूचना आहे. नावे माझ्याकडे अगर चिटणीसबाईंकडे द्यावीत. महाराजांच्या स्मृतीला याहून चांगले वंदन मला तरी सुचत नाही.